जागं ठेवलेलं बोट

छापखान्याच्या जिन्यावरून मी पडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न तोच विचारला. आंधळी बाई म्हटली की ती जिन्यावरूनच पडणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. त्या जिन्याची पायरी न् पायरी माझ्या ओळखीची आहे. मी पडले ती सपाट जमिनीवर, वाटेच्या मधोमध ठेवलेल्या कागदाच्या गठ्ठ्याला अडखळून. गठ्ठा ठेवणाऱ्याला दोन्ही डोळे होते. मलाही तो दिसेल असं त्याला वाटलं असावं.

पडताना डावा हात पुढे गेला आणि मनगटात काडकन वाजलं. छापखान्यातल्या बायका धावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी पुस्तकबांधणीचा जाड पुठ्ठा आणून त्यावर माझा हात ठेवला आणि बांधणीच्याच फितीनं बांधून टाकला. दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येईल इतकं दुखत होतं, पण मनात एकच घोळत होतं की हा डावा आहे. उजवा मोडला असता तर त्या गठ्ठेवाल्याला चार शिव्या हासडून मी गप्प बसले असते.

त्याचं कारण असं. आमच्या छापखान्यात ब्रेलची पुस्तकं निघतात आणि छपाईला जाण्याआधी त्यांचं प्रत्येक पान माझ्या डाव्या तर्जनीखालून जातं. मी मुद्रितशोधक आहे. कुठं ठिपका उठला नाही, कुठं जास्तीचा उठला, कुठं ओळच गळली, ते मी पकडते. उजवं बोट नुसतं ओळ धरून ठेवतं. वाचतं ते डावंच. लहानपणी शाळेत तशी सवय लागली ती लागली. लोक दोन डोळ्यांनी वाचतात, मी एका बोटानं वाचते.

निरोप मिळाल्यावर आमचे हे आले. ह्यांचं किल्ल्या करायचं दुकान आहे. तिथून तसेच उठून आले होते. हाताला लोखंडाच्या किसाचा वास होता.

“कसा दिसतोय हात?” मी विचारलं.

“छान आहे,” हे म्हणाले. “जरासा सुजलाय, बाकी काही नाही.”

ह्यांचं हे असंच असतं. मला वाईट वाटू नये म्हणून हे अख्ख्या जगाला आधी रंगसफेदी करतात आणि मग ते माझ्यापर्यंत पोचवतात. शेजाऱ्यांची भांडणं ह्यांच्या तोंडून आली की गप्पा होऊन येतात. मी तोवर उजव्या हातानं चाचपून पाहिलं होतं. जेवणाचा काटा पालथा ठेवावा तसं मनगट वर उठून पुढं खाली वाकलं होतं.

“छानच आहे,” मी म्हटलं. “काचेच्या कपाटात ठेवू.”

इस्पितळात पडद्यामागची एक खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर कोणीतरी मजेत घोरत होतं. नर्सबाईंनी मला सोडून ह्यांनाच विचारायला सुरुवात केली, “यांना साखरेचा त्रास आहे का? यांना कुठलं औषध सोसत नाही असं आहे का?”

“हात मोडलाय बाई, जीभ नाही,” मी म्हटलं. “मलाच विचारा की.”

त्या बिचाऱ्या ओशाळल्या आणि मग मला इतक्या मोठ्यानं विचारू लागल्या की शेजारचा घोरणारा दचकून जागा झाला. आंधळ्याला बहिरंही धरून चालायचं, ही लोकांची जुनी खोड आहे.

हाताचा फोटो काढून झाल्यावर एक डॉक्टर आली. आवाजावरून तरुण वाटली. तोंडात खोकल्याची गोळी होती; बोलताना ती दातांवर टकटक वाजायची. तिनं आधी माझ्या उजव्या हाताला हळूच हात लावला आणि मग बोलली. अशी माणसं मला लगेच आवडतात.

“काकू, मनगटाजवळचं मोठं हाड मोडलंय आणि त्याचा पुढचा तुकडा मागं सरकलाय. तो ओढून जागेवर आणावा लागेल. तसंच ओढलं तर तुम्ही मला मारायला धावाल, म्हणून आधी हात बधिर करू. पूर्ण भूल द्यायची गरज नाही. हातात उतरणाऱ्या नसा आहेत, तेवढ्या झोपवू. त्या कुठं आहेत ते मी सोनोग्राफीवर बघून टोचते.”

“सोनोग्राफी? ती तर पोटातलं बाळ बघायला असते.”

“हाताचीही होते. इथं बाळ सापडू नये एवढीच अपेक्षा.”

ह्यांना हसू आलं, मलाही आलं, आणि हसताना हात असा ठणकला की माझं हसू अर्ध्यातच विरलं. डॉक्टरनं माझा हात उशीवर अर्धवट उताणा केला. तेवढं करताना मला ब्रह्मांड आठवलं. मग कातडीवर काहीतरी थंडगार, बुळबुळीत पडलं आणि त्यावर साबणाच्या वडीएवढं यंत्र येऊन टेकलं.

“हे बघतं कसं?” मी विचारलं. मला चौकशा करायची सवय आहे. दाताच्या डॉक्टरलाही मी तोंडात हत्यारं असताना प्रश्न विचारते.

“आवाजानं. आपल्याला ऐकू येणार नाही असा आवाज आत सोडतं. तो आतल्या कशावर तरी आपटून परत येतो. किती वेळानं आला, किती जोरात आला, यावरून पडद्यावर चित्र उमटतं.”

“जरा थांबा,” मी म्हटलं. जीभ टाळूला लावून मी एकदा टक् केलं, मान वळवून पुन्हा केलं. “डावीकडे भिंत आहे, जवळच. उजवीकडे पडदा, तिकडे गेलेला आवाज कापड गिळून टाकतं. आणि पायांच्या पलीकडं काहीतरी उंच, टणक आहे. कपाट असावं.”

गोळीची टकटक थांबली.

“कपाटच आहे,” डॉक्टर म्हणाली. “औषधांचं.”

“म्हणजे तुमचं यंत्र माझ्यासारखंच आंधळं आहे म्हणा ना.”

“अगदी तसंच. फक्त तुमच्यासारखं हवेतून त्याला जमत नाही. मध्ये हवा राहिली की त्याला काही कळत नाही, म्हणून हे बुळबुळीत लावायचं.” तिच्या आवाजात उत्साह आला होता. आपलं काम कोणी विचारलं की माणूस कसा खुलतो, ते मला ठाऊक आहे. मीही ब्रेलबद्दल बोलायला लागले की आमचे हे हळूच चहा करायला उठतात.

“मला दाखवता येईल?” मी विचारलं आणि माझं मलाच हसू आलं. पण तिला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. तिनं माझा उजवा तळवा उचलून यंत्र धरलेल्या स्वतःच्या हातावर ठेवला.

“आत्ता आपण मनगटापाशी आहोत. इथं गंमत अशी की नस आणि बोटं ओढणाऱ्या दोऱ्या जवळजवळ सारख्याच दिसतात. पांढुरके गोल गोल ठिपके, एकमेकांना खेटून. नवा माणूस इथंच फसतो. दोरीलाच नस समजतो, तिच्याभोवती औषध सोडतो, आणि मग हात का झोपत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो.”

“मग ओळखायचं कसं?”

“एका जागी बघत बसायचं नाही. चालायला लागायचं.” आमच्या दोघींचे हात कोपराच्या दिशेनं सावकाश सरकू लागले. “वर जाता जाता दोऱ्या मांसात मिसळून जातात. ही गेली. ही पण गेली. तीही गेली. आणि ही एकच राहिली, होती तशीच. मधाच्या पोळ्याचा छोटा काप असावा तशी दिसते. ही तुमची नस.”

माझ्या कातडीखाली पोळ्याचा काप! दुखणं क्षणभर बाजूला राहिलं. इतकी वर्षं जिच्या जिवावर पोट भरलं, तिची कोणीतरी आज पहिल्यांदा ओळख करून देत होतं. ती किती जाड आहे, श्वास घेतला की हलते का, बोट हलवलं की हलते का, सगळं मी विचारून घेतलं. बोट हलवलं की ती थोडी बाजूला सरकते म्हणे.

“ही कुठल्या बोटाची?”

“अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट.”

“तर्जनी,” मी म्हटलं. “आणि ही झोपली की?”

“संध्याकाळपर्यंत बोटं बधिर राहतील. मग हळूहळू जागी होतील.”

“होतीलच?”

तिनं लगेच “हो हो” म्हटलं नाही. “जवळजवळ नेहमी होतात,” ती म्हणाली. “सुई नसेत शिरू नये म्हणून तर बघत बघत टोचायचं.”

मग मी तिला सांगितलं की हे बोट काय करतं. एका दुपारपुरतं का होईना, मला दुसऱ्यांदा आंधळं व्हायचं होतं, आणि त्याची मला भीती वाटत होती. शिवाय, खोटं कशाला बोलू, थोडी उत्सुकताही होती. हात आहे पण बोट नाही, हे असतं तरी कसं?

डॉक्टर ऐकून घेत होती. “नस झोपवायच्या आधी एक बघावंच लागतं,” ती म्हणाली. “ती आत्ता नीट जागी आहे ना. एकदा औषध दिलं की बोट हाडामुळं बधिर झालं की औषधामुळं, हे कोणालाच सांगता येत नाही.” तिनं माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना कापूस लावून पाहिला. “दोन्हीकडे सारखं लागतंय?”

“लागतंय.”

“काकू, कापसाची परीक्षा तशी सोपीच. तुम्ही या बोटानं वाचता ना? मग वाचूनच दाखवा.”

पडल्यावर बायकांनी माझ्या टेबलावरचं सगळं पिशवीत कोंबून दिलं होतं, त्यात सकाळी तपासलेलं पान होतं. डॉक्टरनं माझा हात उशीवर पालथा करून दिला. बोट मला फिरवता येत नव्हतं, म्हणून ह्यांनी पानच माझ्या बोटाखालून सरकवायचं ठरलं. बावीस वर्षांच्या संसारात ब्रेलमधलं ह्यांना एवढंच कळलंय की उठलेली बाजू वर ठेवायची. हे पान सरकवू लागले आणि मी वाचू लागले.

“ऑक्टोपसला तीन हृदये असतात. त्याचे रक्त निळसर असते. त्याचा एखादा हात तुटला, तर त्या जागी नवा हात उगवतो.”

“नशीबवान आहे लेकाचा!” डॉक्टर म्हणाली. नर्सबाईही हसल्या.

“बघा!” हे म्हणाले. “सांगत नव्हतो? काही झालेलं नाही तिच्या बोटाला.” ह्यांचा आवाज आनंदानं फाटला होता. पलीकडे सुईचं पाकीट टर्रकन फाडल्याचा आवाज आला.

मला मात्र ते वाचन आवडलं नव्हतं. आमच्या छापखान्यात एक नियम आहे. एकच पान एकाच माणसानं तिसऱ्यांदा वाचायचं नाही. ते दुसऱ्याकडे द्यायचं. कारण तिसऱ्या खेपेला बोट नुसतं फिरत राहतं आणि वाचायचं काम डोकं करतं. चूक समोर असली तरी डोकं ती दुरुस्त करून वाचतं आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही. ते ऑक्टोपसचं पान मी सकाळी दोनदा वाचलं होतं. आणि आता मोडक्या हातानं, दुसऱ्या कोणीतरी धसमुसळेपणानं सरकवलेलं पान मी एकदाही न अडखळता वाचलं होतं. इतकं चांगलं मी धडधाकट असतानाही वाचत नाही.

मी उजवा हात हळूच पलीकडे नेला आणि पानाचा कोपरा शोधला. वर उजवीकडे पानाचा आकडा असतो. तिथं तो नव्हता. तो खाली डावीकडे सापडला, डोकं खाली आणि पाय वर करून. ह्यांनी पान उलटं धरलं होतं. म्हणजे ऑक्टोपसची तीन हृदयं मी वाचलीच नव्हती. घडाघडा म्हणून दाखवली होती.

मी बोलले नाही. लाज वाटते, पण खरंच, क्षणभर मी गप्प राहिले. सगळे खूश होते, सुई तयार होती, हातात तर घण पडत होते. न बोलले असते तर दहा मिनिटांत ते सगळं थांबलं असतं. मी डावं बोट पुन्हा कागदावर टेकवलं आणि या वेळी प्रामाणिकपणे विचारलं, काय लागतंय? ओल्या वाळूवर ठेवल्यासारखं लागत होतं. कण होते, अक्षरं नव्हती.

“अहो, पान उलटं आहे,” मी म्हटलं. “आणि डॉक्टर, माझ्या बोटाला वाचता येत नाहीये.”

मग डॉक्टरच्या तोंडातली गोळी कडकन फुटली.

तिनं पान सुलटं करून पुन्हा सरकवायला सांगितलं. पुन्हा वाळू. ती बाहेर जाऊन हाडांच्या मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलली. पडद्यापलीकडून तिचा नुसता “हो, हो, हो” ऐकू येत होता. मग परत येऊन माझ्याजवळ बसली.

“सरकलेलं हाड नसेवर दाब देत असावं. नुकतंच सुरू झालेलं दिसतंय, कापसाला कळलं नाही पण तुम्हाला कळलं. हाड लवकर जागेवर आणायला हवं. बसवल्यावर दाब गेला तर बोट परत वाचायला लागेल. नाही लागलं, तर मोठ्या डॉक्टरांना आजच मनगट उघडून नस मोकळी करावी लागेल. आता प्रश्न असा आहे. नस झोपवली तर तुम्हाला काही दुखणार नाही, पण संध्याकाळपर्यंत बोट गप्प राहील. नस सुटली की नाही, कोणाला विचारणार आपण?”

“आणि नाही झोपवली तर?”

“नस सोडून द्यायची आणि फक्त मोडलेल्या जागी औषध सोडायचं. तेही बघूनच. थोडंच सोडायचं, आत उगाच दाब वाढायला नको. दुखणं बरंच कमी होईल, सगळं जाणार नाही. ओढताना कळेल तुम्हाला.”

“डॉक्टर, झोपवूनच टाका,” हे मध्येच म्हणाले. “तिला दुखता कामा नये. संध्याकाळी बघू की बोटाचं.”

“अहो,” मी म्हटलं, “मला एक सांगा. हात कसा दिसतोय? आणि आता रंगसफेदी नको.”



“वाकडा दिसतोय,” ह्यांनी शेवटी सांगितलं. “फार वाकडा. मघापासून मी त्याच्याकडे बघतच नाहीये.”

मला एकदम ह्यांच्याबद्दल इतकं वाटलं की काय सांगू. मी उजवा हात पुढं केला, ह्यांनी तो घट्ट धरला. आणि मी डॉक्टरला सांगितलं की बोट जागं ठेवायचं, बाकी काय होईल ते होईल.

यंत्र आता मनगटाच्या पाठीवर आलं. मी माझा हात ह्यांच्या मुठीतून सोडवून पुन्हा डॉक्टरच्या हातावर ठेवला. आता मागं हटण्यात अर्थ नव्हता.

“हाडाची वरची कड पांढऱ्या रेघेसारखी दिसते,” ती सांगू लागली. “ही रेघ चालली आहे, सरळ, सरळ… आणि इथं तुटली. पुढचा तुकडा एकदम वर चढलाय. मध्ये चांगली पायरी झालीय.”

सकाळपासून मी जगाला ओरडून सांगत होते की पायरीवरून पडले नाही, आणि पायरी निघाली माझ्याच हातात!

“आता सुई. पडद्यावर तीही दिसते, चकाकणारी बारीक रेघ. येतेय, येतेय, फटीच्या तोंडाशी आली. आत गेली.” कातडीत टोचलं, मग खोलवर एक जडसा दाब आला. “आधी थोडं ओढून बघते. हं, रक्त आलं, साकळलेलं. म्हणजे बरोबर मोडलेल्या जागीच आहोत. आता औषध.”

औषध गेलं तसं ते सणकून दुखणारं मनगट हळूहळू दूर जाऊ लागलं. नाहीसं झालं नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसलं. बोटांना मात्र कापूस लागत होता. मी मिनिटामिनिटाला विचारत होते आणि डॉक्टर न कंटाळता लावून बघत होती.

मग प्लास्टरवाले दादा आले. जाड आवाज, पावलं त्याहून जड.

“ताई, मनात काही धरू नका,” ते म्हणाले. “मी ओढणार आहे.”

“ओढा,” मी म्हटलं. “पण तोडू नका, माझा उगवणार नाही.”

नर्सबाईंनी दंड धरून ठेवला, दादांनी माझी बोटं आणि अंगठा पकडला आणि संथपणे ओढायला लागले. डॉक्टरचे अंगठे मनगटाच्या पाठीवर दाबले गेले. तिनं म्हटल्याप्रमाणे सगळं कळत होतं. मी दातावर दात दाबले, ह्यांचा हात आवळला, शेवटी ओरडलेच. शेजारच्या खाटेवरून “अरे देवा” असं ऐकू आलं. आतून काहीतरी घासत सरकलं आणि जागेवर बसल्यासारखा दणका बसला.

“सोडू नका दादा,” डॉक्टर म्हणाली आणि यंत्र पुन्हा टेकवलं.

“पायरी?” मी धापा टाकत विचारलं.

“गेली. रेघ सरळ झाली, काकू. अगदी आखल्यासारखी.”

दादांनी ओल्या पट्ट्यांचं अर्ध प्लास्टर घातलं आणि बोटं मोकळी ठेवली. आता खरी परीक्षा होती आणि माझ्याकडे वाचायला काहीच नव्हतं. ऑक्टोपसचा उपयोग नव्हता. त्याचा पुढचा परिच्छेदही मला येत होता. माझ्या पिशवीत ब्रेलची पाटी आणि टोचणी होती. पाटीच्या चौकटीला लहान लहान घरं असतात, खाली कागद ठेवून टोचणीनं दाबलं की ठिपके उठतात.

“यजमान, तुम्ही लिहा काहीतरी,” डॉक्टर ह्यांना म्हणाली.

“मला येत नाही हो.”

“येत नाही तेच बरं. काकूंना ओळखता येता कामा नये.”

हे कोपऱ्यात जाऊन बसले आणि टक, टक, टक सुरू झालं. किल्ल्या करणारा माणूस. एकेक ठिपका मोजूनमापून, तब्येतीत दाबत होता. तेवढ्यात डॉक्टरला दुसऱ्या खाटेकडे बोलावलं. ती परत आल्यावर ह्यांनी कागद माझ्या बोटाखाली सरकवला.

वाळू होती.

“थोडा वेळ देऊ,” डॉक्टर म्हणाली, पण तिच्या तोंडात आता गोळी नव्हती आणि आवाज कोरडा होता. मी छताकडे तोंड करून पडून राहिले. या बोटानं मी जे जे वाचलं ते आठवू नये म्हणून मी डॉक्टरला आणखी प्रश्न विचारले. नस दबली की ती यंत्रात वेगळी दिसते का? कधी कधी सुजलेली दिसते, ती म्हणाली. माझी दिसते का? मघाशी वरच बघितली होती, तिथं ठीक होती. सुटायला किती वेळ लागतो? सांगता येत नाही. ती मला एकदाही खोटा धीर देत नव्हती आणि तोच मला धीर वाटत होता.

बऱ्याच वेळानं बोटाच्या टोकाला मुंग्या आल्यासारखं झालं. मी म्हटलं, “अहो, कागद आणा.”

कागद बोटाखाली आला. वाळू होती, आणि मग वाळूतून एक ठिपका वर आला. त्याच्या शेजारी दुसरा.

“हळू सरकवा,” मी म्हटलं. “ग आहे. मग ट. मग पुन्हा ट. मग… शब्दाच्या पोटातच एक स्वल्पविराम. मग ळ.” मी उजवं बोट आणून त्याच ओळीवरून सावकाश, एकेक ठिपका चाचपत फिरवलं. ग, ट, ट, स्वल्पविराम, ळ. जे होतं, जसं होतं, तसंच डाव्यानं सांगितलं होतं. माझ्या डोक्याला यातलं काहीही आधी ठाऊक असणं शक्य नव्हतं.

“माझं काही चुकलं का गं?” ह्यांनी घाबरत विचारलं.

“सगळंच चुकलंय,” मी म्हटलं. “एक शब्द धड नाही. इतकी वाईट ओळ मी जन्मात वाचली नव्हती.” आणि मला रडू फुटलं, नर्सबाईंच्या देखत, दादांच्या देखत, हुंदके देऊन. “बसून काय राहिलात अहो? पुढची टोचा.”